लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड

लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड : संगणकाच्या पडद्यावर अक्षरे, आकृत्या व चित्रे उमटविणाऱ्या विद्युत् मंडलांच्या स्वतंत्र पट्टास ग्राफिक्स कार्ड असे म्हणतात. मेजावर ठेवावयाच्या संगणकात हा पट्ट मुख्य पट्टावरील (मदरबोर्डवरील) खाचेत बसविलेला असतो आणि एखाददुसरा स्क्रू काढून तो बदलता येतो. लॅपटॉपमध्ये हेच काम करणारी चिप बहुधा मुख्य पट्टावरच झाळलेली असते. विकत घेतलेल्या लॅपटॉपची ग्राफिक्स यंत्रणा मागाहून वाढविता येते काय, हा प्रश्न अमरावती व अकोला येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी, छायाचित्रकार, छपाईची कामे करणारे व्यावसायिक इत्यादींना नेहमी पडतो. बहुसंख्य यंत्रांच्या बाबतीत त्याचे उत्तर नकारार्थी आहे. यंत्रात खाच ठेवावी की ठेवू नये, यासंबंधी उत्पादकांनी सु. ४० वर्षांत जे निर्णय घेतले, त्यांतून हे उत्तर घडत गेले. या इतिहासात महाराष्ट्राचा व वऱ्हाडचाही संबंध येतो. कारण कार्यालयीन संगणकाच्या पडद्यावर मराठी आणणारे एक प्रमुख साधन म्हणजे तयार यंत्रात मागाहून बसविले जाणारे एक कार्डच होते.

खाचेचा उगम : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मुख्य पट्टावर पडदा जोडण्याची सोयच नव्हती. ग्राहकाला त्यासाठी कार्ड वेगळे घ्यावे लागे. कंपनीने दोन कार्डे काढली होती. पहिले केवळ मजकुरासाठी होते. त्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत. परंतु प्रत्येक अक्षराचा साचा कार्डावरील कायम स्मृतीत कोरलेला असल्याने रोमनखेरीज अन्य लिपी त्यावर उमटविणे शक्य नव्हते. दुसऱ्या कार्डावर हवे ते बिंदू उजळता येत, मात्र उभ्या दिशेने ते अवघे २०० होते. कंपनीने खाचेचा तांत्रिक तपशील, म्हणजे कोणत्या टोकावर कोणता संकेत व किती व्होल्टचा विद्युत् पुरवठा असतो याची माहिती, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. परिणामी त्या खाचेत बसणारी कार्डे कोणासही तयार करता येऊ लागली.

या सोयीचा पहिला मोठा लाभ एका लिपीच्या गरजेतूनच घेतला गेला. व्हॅन सुवन्नुकुल हे अमेरिकेत शिकणारे थायलंडचे अभियंते. आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा, म्हणून त्यांनी १९८२ मध्ये हर्क्यूलीस हे कार्ड तयार केले. थाई लिपीतही देवनागरीप्रमाणे स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर व खाली येतात. या कार्डावर आडवे ७२० व उभे ३४८ बिंदू मिळत असल्याने अशी चिन्हे सुवाच्य दिसत. पुढे ते सर्वत्र, भारतातही, प्रचारात आले.

प्रमाणित खाचेचे महत्त्व वऱ्हाडातीलच एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मूर्तिजापूर–अचलपूर व मूर्तिजापूर–यवतमाळ या ‘शकुंतला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोहमार्गांवर मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे एंजिन सु. ७० वर्षे चालले आणि १९९४ मध्ये त्याच्या जागी डीझेल एंजिन आले. रूळ तेच राहिले. दोन रुळांमधील ७६२ मिमी. अंतर ठरलेले होते आणि नव्या एंजिनाची चाके त्याच मापाची होती, एवढ्यावरच हा बदल साधला. संगणकातील खाच म्हणजे असेच ठरलेले अंतर होय. १९८१ नंतर खाचेचे प्रकार बदलले (१९९२ मध्ये पीसीआय, १९९७ च्या सुमारास एजीपी व २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस). परंतु त्यांपैकी प्रत्येक प्रकार अनेक उत्पादकांना समाईक होता. त्यामुळे कार्ड बदलण्याचा ग्राहकाचा अधिकार टिकून राहिला.

देवनागरी व जिस्ट कार्ड : महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानुसार मराठी ही राज्याची कारभाराची भाषा ठरली. मात्र दोन दशकांनी कार्यालयांत आलेले संगणक रोमन लिपीच जाणत होते. नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या निकनेट या जाळ्याने १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे जोडली जाऊ लागली. जिल्हा कार्यालयात संगणक असूनही शेतकऱ्याचे व गावाचे नाव रोमन अक्षरांत लिहावे लागणे, किंवा संगणक बाजूला सारून मराठी टंकलेखन यंत्राकडे वळणे, हे दोनच मार्ग होते. पहिल्या मार्गाचे दोष उघड आहेत. मराठीतील ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’ यांतील भेद रोमन लिपीत राहत नाही आणि एकाच खातेदाराचे नाव तीन तऱ्हांनी नोंदविले जाते. जमिनीच्या नोंदीत अशी चूक क्षुल्लक मानता येत नाही.

देवनागरीची अडचण केवळ अक्षरांच्या साच्यांची नव्हती. रोमन लिपीत एक कळ दाबली की एक अक्षर एका चौकोनात उमटते. ‘र्क्षि’ यासारख्या अक्षरसमूहात मात्र ऱ्हस्व वेलांटी उच्चारात शेवटी येऊनही व्यंजनाच्या डावीकडे लिहावी लागते, रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि दोन व्यंजने मिळून तिसरेच रूप धारण करतात. ही जुळणी प्रत्येक अक्षरागणिक करावयाची, तर ४·७७ मेगॅहर्ट्‌झ गतीच्या तत्कालीन प्रक्रियकावर (प्रोसेसरवर) फार भार पडे. शिवाय बाजारातील तयार आज्ञावल्यांना देवनागरीची कल्पनाच नव्हती.

कानपूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे इत्यादींनी या प्रश्नावर संशोधन केले. तेथे तयार झालेले देवनागरी टर्मिनल १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आले. (त्याच वर्षी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली.) पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर तांबे तेथे गेले व या संशोधनाला बाजारात विकता येईल असे रूप मिळाले. तेच जिस्ट कार्ड होय. सी-डॅकचे संस्थापक कार्यकारी संचालक विजय भटकर यांचा जन्म १९४६ मध्ये अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यात झाला.

जिस्ट कार्ड संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसविले जाई. एखादी आज्ञावली पडद्याकडे जो मजकूर पाठवी, तो हे कार्ड मध्येच घेऊन त्यातील संकेतांची देवनागरी अक्षरे जुळवी व ती पडद्यावर मांडी. जुळणीचे काम कार्डच करीत असल्याने मूळ प्रक्रियकावर भार पडत नसे आणि डीबेस, वर्डस्टार, लोटस १-२-३ यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या कोणताही फेरफार न करता मराठीत चालत. या आज्ञावल्यांना आपण मराठी हाताळीत आहोत याचा पत्ताही नसे. संकेत भारतीय लिपींसाठी ठरविलेल्या ‘इस्की’ या पद्धतीचे असत. ही पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. तीत सर्व भारतीय लिपींतील ‘क’ ला एकच संकेत असल्याने मराठीत भरलेली यादी तेलुगू किंवा गुजराती लिपीत तत्काळ दाखविता येई. तेलंगणाच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या वऱ्हाडासारख्या प्रदेशाला ही सोय उपयुक्त होती.

जिस्ट कार्डासाठी नवा संगणक घ्यावा लागत नव्हता, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेत आराखडा झालेल्या व मराठीचा विचारही न केलेल्या यंत्राला पुण्याच्या अभियंत्यांनी मराठी शिकविली, ती केवळ मूळ उत्पादकाने एक खाच मोकळी व तिची माहिती खुली ठेवल्यामुळे. त्यासाठी त्याची परवानगी घ्यावी लागली नाही. सी-डॅकने आपल्या महासंगणकाच्या बाबतीतही पुढे हाच धडा गिरविलेला दिसतो. १९९१ चा परम ८००० हा इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर आधारलेला होता. १९९४ च्या परम ९००० ची रचना मात्र नव्या पिढीचे प्रक्रियक सहज सामावून घेता येतील, अशी केलेली होती.

जिस्ट कार्डाची गरज दशकभरातच ओसरली. प्रक्रियकांची गती वाढली आणि अक्षरजुळणीचे काम आज्ञावलीच करू लागली. सी-डॅकनेच आयएसएम व आयलीप या आज्ञावल्या काढल्या. वृत्तपत्रे व छापखाने यांतून श्रीलिपीसारख्या आज्ञावल्या रुळल्या. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीचा अंतर्भाव इस्कीच्या आधारेच करण्यात आला व विंडोज २००० पासून मराठी मजकूर कोणत्याही जोडसाधनाविना दिसू लागला. ई-फेरफार योजनेत तलाठ्यांच्या हाती लॅपटॉप आले, तोपर्यंत मराठीसाठी कधी कार्ड लागत असे हे लोक विसरून गेले होते.

लॅपटॉपमधील परिस्थिती : उचलून नेता येणाऱ्या पहिल्या संगणकांत खाचा होत्या. १९८३ च्या काँपॅक पोर्टेबलचे वजन सु. १३ किग्रॅ. होते व त्यात मेजावरील संगणकाचीच कार्डे बसत. तोशिबा कंपनीच्या १९८७ च्या टी-३२०० या नमुन्यातही खाचा ठेवल्या होत्या. मात्र त्याला बॅटरी नव्हती, तो भिंतीतील विजेवरच चाले. बॅटरीवर चालणारे, मांडीवर मावणारे यंत्र हवे असेल, तर खाच सोडावी लागेल अशी अडचण होती आणि ग्राहकांनी खाच सोडणे पत्करले. राज्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागाला दीर्घ भारनियमन सोसावे लागले. त्या काळात वीज गेल्यावरही काही तास चालणाऱ्या लॅपटॉपचे मोल वऱ्हाडात किती वाटले असेल, हे सांगावयास नको.

खाच सोडल्याची किंमत पुढे त्रिमितीय आकृत्यांचे काम वाढले तेव्हा कळली. इमारतींचे आराखडे, चलच्चित्रांचे संपादन, उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांवरून पिकांचा अभ्यास इ. कामांना समर्थ ग्राफिक्स चिप लागते. कृषी विद्यापीठ (अकोला, १९६९), शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (अमरावती, १९६४) आणि भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती येथील केंद्र (२०११) यांमुळे ही कामे शिकणारा मोठा वर्ग या दोन शहरांत आहे. पहिल्या वर्षी घेतलेला लॅपटॉप चौथ्या वर्षीच्या प्रकल्पाला अपुरा पडतो आणि तेथे कार्ड बदलण्याचा प्रश्न उभा राहतो.

लॅपटॉपसाठी बदलता येण्याजोगे कार्ड करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न एनव्हिडिया कंपनीने २००४ मध्ये पुढे आणलेल्या एमएक्सएम या प्रमाणाचा होय. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ८२ × ७० मिमी. व ८२ × १०५ मिमी. अशी दोन मापे ठरविण्यात आली. डेल व एचपी यांच्या अभियांत्रिकी कामासाठीच्या भारी लॅपटॉपांत आणि क्लेव्हो या तैवानी कंपनीच्या यंत्रांत ही कार्डे वापरली गेली. जोडणीचे प्रमाण एक झाले, परंतु भोवतालच्या गोष्टी एक झाल्या नाहीत. उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीचा आकार प्रत्येक नमुन्यात निराळा असल्याने नव्या कार्डावरील चिप नळीच्या टेकणाखाली नेमकी येत नसे. मूळ यंत्राच्या प्रारंभिक आज्ञावलीला (बायॉसला) नवे कार्ड ओळखू येत नसे किंवा मुद्दाम ओळखू दिले जात नसे. विद्युत् पुरवठाही जुन्या कार्डाच्या बेताचा असे. सुट्या कार्डांचा बाजार लहान राहिल्याने त्यांच्या किंमतीही उतरल्या नाहीत. डेलने २०१९ मध्ये एलियनवेअर एरिया-५१एम या लॅपटॉपात स्वतःच्या मापाचे सुटे कार्ड दिले; परंतु पुढील पिढीची कार्डे त्या यंत्रासाठी निघाली नाहीत. खाच असूनही तिच्यात बसविण्यास काही नसणे, ही अवस्था खाच नसण्याहून फारशी वेगळी नाही.

दरम्यान दुसऱ्या बाजूने चिपच प्रक्रियकात विलीन झाली. इंटेल कंपनीने २०१० मध्ये ग्राफिक्सची चिप प्रक्रियकाच्या आवरणात घेतली आणि २०११ मध्ये दोन्ही एकाच सिलिकॉन तुकड्यावर आणले. एएमडी कंपनीनेही त्याच वर्षी तसे केले. स्वस्त लॅपटॉपात आज बहुधा अशीच अंगभूत यंत्रणा असते. बदलण्याजोगी निराळी वस्तूच तेथे उरलेली नाही. तथापि ही यंत्रणा संगणकाची मुख्य स्मृती वापरीत असल्याने तिचा वेग काही अंशी स्मृतीवर अवलंबून असतो. स्मृतीची दोन घरे असलेल्या व त्यांपैकी एकच भरलेल्या लॅपटॉपात दुसरी रॅम पट्टी बसविली, तर स्मृतीकडे जाणारा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि चित्रांच्या कामाचा वेग वाढलेला स्पष्ट जाणवतो. घेतलेल्या लॅपटॉपची ग्राफिक्स क्षमता थोड्या खर्चात वाढविण्याचा हा एकच मार्ग आहे. रॅमही झाळलेली असल्यास तोही बंद होतो.

बाहेरून कार्ड जोडण्याचा मार्ग खर्चाचा आहे. थंडरबोल्ट ३ (२०१५) या जोडणीतून मेजावरील संगणकाचे कार्ड वेगळ्या पेटीत ठेवून लॅपटॉपला जोडता येते. कार्डाला मेजावरील संगणकात १६ वाहिन्या मिळत असतील, तर येथे ४ मिळतात. त्यामुळे त्याचे पूर्ण बळ कामी येत नाही. पेटी, तिचा विद्युत् पुरवठा व कार्ड यांचा एकत्रित खर्च पुष्कळदा नव्या संगणकाच्या जवळ जातो. ॲपल कंपनीने २०१८ मध्ये या पद्धतीला आपल्या यंत्रांत मान्यता दिली होती. २०२० पासून स्वतःच्या चिपा वापरावयास लागल्यावर ती त्या यंत्रांत राहिली नाही.

उष्णता व दुरुस्ती : झाळलेली चिप काढून तिच्या जागी अधिक समर्थ चिप बसविता येईल, असे बाजारात कधीकधी सांगितले जाते. ते सामान्यतः खरे नाही. चिपखाली शेकडो सूक्ष्म झाळगोलक असतात. त्यांची मांडणी, भोवतालच्या स्मृतिचिपा व विद्युत् पुरवठा हे सर्व एका ठराविक चिपसाठीच योजिलेले असते. गरम हवेच्या यंत्राने चिप उचलून नवे गोलक लावण्याची क्रिया (रीबॉलिंग) कुशल कारागीर करतात, पण ती बिघडलेल्या चिपच्या जागी तशीच दुसरी बसविण्यापुरती असते. एनव्हिडिया कंपनीने २००८ मध्ये आपल्या काही लॅपटॉप चिपांतील अशा जोडांच्या दोषांमुळे होणाऱ्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. वारंवार तापणे व निवणे हे जोड उलण्याचे मुख्य कारण असते.

वऱ्हाडात या कारणाला विशेष महत्त्व आहे. अकोल्याचे मे महिन्यातील कमाल तापमान ४५° से. च्या वर जाते. चिपचे तापमान ९५° से. पर्यंत चालू द्यावयाचे असे धरले, तर २५° से. च्या खोलीत चिप व हवा यांत ७० अंशांचा फरक राहतो, ४५° से. ला तो ५० अंशच उरतो. उष्णता वाहून जाण्याचा दर या फरकाच्या प्रमाणात असल्याने तो जवळजवळ तीन-दशांशाने घटतो व चिप आपली गती आपोआप कमी करते. म्हणजे महाग ग्राफिक्स असलेला लॅपटॉप उन्हाळ्यातील दुपारी त्याच्या जाहिरातीतील वेगाने चालत नाही. त्यातच एकाच क्रमांकाच्या चिपला किती वॉट शक्ती द्यावयाची, हे प्रत्येक लॅपटॉप उत्पादक आपापल्या परीने ठरवितो. त्यामुळे केवळ क्रमांक पाहून केलेली निवड फसवी ठरते. यंत्राची जाडी, पंखे व चिपला मिळणारी वॉटची मर्यादा या गोष्टी घेण्यापूर्वीच पाहिल्या पाहिजेत, कारण मागाहून त्या बदलत नाहीत. शक्य असेल तेथे पंख्यातील कापसाची धूळ दर उन्हाळ्यापूर्वी काढून घेणे हा वऱ्हाडात केवळ स्वच्छतेचा भाग नव्हे.

अलीकडील घडामोडी : भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी समिती नेमली व त्याच वर्षअखेरीस माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे व इलेक्ट्रॉनीय उपकरणे ही दोन्ही त्याच्या कक्षेत आहेत. तथापि सुटे भाग व माहिती मिळून यंत्र पूर्ववत करता येणे आणि ते मूळच्याहून समर्थ करता येणे, या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी उत्पादकाने खाच ठेवणे आवश्यक असते. अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या लॅपटॉप १६ या यंत्रात ग्राफिक्सचा भाग मागील बाजूने काढता-घालता येतो. २०२५ मध्ये कंपनीने जुन्या यंत्रातही बसणारा अधिक समर्थ भाग बाजारात आणला. या खाचेची मापे व जोडणीचा तपशील कंपनीने, आयबीएमने १९८१ मध्ये केले त्याप्रमाणे, सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला आहे. इतर मोठ्या उत्पादकांनी मात्र हे माप स्वीकारलेले नाही.